ऑफर मान्य झाली आणि मन मागे फिरतंय

निवांतवेळ

घरासाठी दिलेली आमची ऑफर विकणाऱ्यांनी मान्य केली. सह्या झाल्या, इसाराची रक्कम भरून झाली, एजंटचा अभिनंदनाचा फोनही येऊन गेला. इतके महिने ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला ते झालं, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. नवरा खुशीत आहे, पडदे कोणते लावायचे इथपर्यंत पोचलाय. मी मात्र त्याच घराचे फोटो पुन्हा पुन्हा उघडून खोट शोधत बसते.

आणि सापडतेही. मागची खोली अंधारी आहे. रस्ता वाटला होता त्यापेक्षा जवळ आहे. जिना अरुंद आहे. घर पाहायला गेलो तेव्हाही हे सगळं डोळ्यांसमोर होतं, तेव्हा काहीच खटकलं नव्हतं. शिवाय आणखी दोघांच्या ऑफर असल्यामुळे आम्ही सांगितलेल्या किमतीच्या वर गेलो. आता वाटतं, त्या दोघांना जे दिसलं ते आम्हाला दिसलंच नाही की काय?

कायद्याचा सल्ला नकोय, म्हणून कुठे राहतो वगैरे लिहीत नाही. विचारायचंय ते एवढंच: ज्यांनी घर घेतलंय त्यांना असं झालं होतं का? आणि ही नुसती धास्ती आहे की मन खरंच काही सांगतंय, हे ओळखायचं कसं?

चौकट

झालं होतं. आमच्याकडे उलटं, मी शांत आणि बायको रडकुंडीला. अजून त्याच घरात आहोत आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त आवडतं. पण म्हणून तुमचंही तसंच होईल असं नाही, तेव्हा बाकीच्यांचं ऐका.

दुपारचंऊन

निवांतवेळ, निर्णय घेतल्यावर लगेच मन उलटं फिरतं ह्यावर बराच अभ्यास झालेला आहे. एलेन वॉल्स्टर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली अमेरिकी लष्करात भरती झालेल्या तरुणांवर एक प्रयोग केला होता. त्यांना दोन नेमणुकांमधून एक निवडायची होती. निवड केल्यावर काहींना लगेच, काहींना चार मिनिटांनी, काहींना पंधरा मिनिटांनी आणि काहींना दीड तासाने विचारलं, की आता दोन्ही नेमणुका किती बऱ्या वाटतात? चार मिनिटांनी विचारलेल्यांना आपण निवडलेलीच नेमणूक कमी आवडायला लागली होती. पंधरा मिनिटांनी विचारलेल्यांचं मत बरोबर उलटं, निवडलेली जास्त चांगली वाटू लागली होती.

घराचा व्यवहार चार मिनिटांचा नसतो हे मान्य. पण गंमत अशी की नेमणुका त्याच होत्या, त्यांच्यात काहीही बदललं नव्हतं. बदललं होतं ते पाहणाऱ्याचं मन. दोन्ही दारं उघडी असतात तोवर आपण प्रत्येकाचे गुण मोजतो. एक बंद केलं की बंद केलेल्याचे गुण आणि उघड्याचे दोष एकदम अंगावर येतात. तुम्हाला तोच जिना आता अरुंद वाटतोय, तो ह्यामुळे असू शकतो.

जुनाजाणता

मानसशास्त्र नंतर. आधी करार काढा आणि त्यातल्या तारखा बघा. इन्स्पेक्शन कधीपर्यंत करायचं, कर्जाची मंजुरी कधीपर्यंत आणायची, आणि त्या तारखेच्या आत लेखी कळवलं नाही तर काय होतं. तारीख उलटली की मनाने काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. लोक ह्याच अवस्थेत आठवडा घालवतात आणि नंतर मोकळीक संपल्याचं कळतं.

निवांतवेळ

धन्यवाद सगळ्यांना. जुनाजाणता, करार काढून वाचला. इन्स्पेक्शनची अट आहे आणि कर्जाचीही आहे. इन्स्पेक्शन अजून व्हायचंय, पुढच्या आठवड्यात ठरलंय. मुदत त्याच्या थोडी पुढे संपते.

दुपारचंऊन, वाचून थोडं हायसं वाटलं. पण मग प्रश्न उरतोच ना, मन असं फिरणारच असेल तर खरा इशारा कधी ओळखायचा?

सहीशिक्का

कायद्याचा सल्ला नको म्हणालात, तो देत नाहीच. पण हा धागा पुढे कुणी तरी वेगळ्याच देशात बसून वाचेल, म्हणून थोडं लिहितो, कारण ह्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबून लोक अडकतात.

ऑफर मान्य होणं म्हणजे बांधिलकी, हे सगळीकडे सारखं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कराराच्या प्रतींची देवाणघेवाण होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात, ऑफर मान्य झाली असली तरी. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, तिथे दोन्हीकडच्या वकिलांची पत्रं पूर्ण झाली की करार पक्का. फ्रान्समध्ये राहतं घर घेणाऱ्याला करारानंतर १० दिवस मिळतात, कारण न सांगता माघार घेता येते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जानेवारी २०२३ पासून कामकाजाचे ३ दिवस मिळतात, पण माघार घेतली तर किमतीच्या ०.२५ टक्के विकणाऱ्याला द्यावे लागतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये कामकाजाचे ५ दिवस आणि तेवढीच ०.२५ टक्क्यांची कात्री, मात्र घर लिलावात घेतलं असेल तर ही सवलत नाही.

अमेरिकेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की तीन दिवसांत कुठलाही व्यवहार मोडता येतो. तीन दिवसांचा तो केंद्रीय नियम घरखरेदीला लागू नाही. तिथे करारात लिहिलेल्या अटी हाच आधार: इन्स्पेक्शन, कर्ज, घराचं मूल्यांकन. भारतात बिल्डरच्या प्रकल्पातली सदनिका असेल तर रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ही मर्यादा रकमेवर आहे, आपोआप माघार घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

म्हणजे कुणी मित्र म्हणाला "अरे, आम्ही सहज सोडलं होतं घर", तर तो कुठे राहत होता हे आधी विचारा.

मधलीवाट

मी थोडं वेगळं लिहिते. इथे सगळे धीर देतील, "होतं असं, बसेल मन" म्हणतील, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण आम्ही ऑफर मान्य झाल्यावर एक घर सोडलंय आणि त्याचा मला आजही आनंद आहे. माझीही झोप उडाली होती. सगळे म्हणत होते नवखेपणाची भीती आहे. ती भीती पैशाची होती आणि रास्त होती. हप्ता भरून हातात जे उरणार होतं त्यात घरातलं एक आजारपण निभावलं नसतं. आम्ही कर्जाच्या अटीच्या मुदतीत बाहेर पडलो.

त्यामुळे झोप उडण्याचं कारण शोधल्याशिवाय "हे सगळ्यांना होतं" म्हणून पुढे जाऊ नका.

दुपारचंऊन

मधलीवाट, सहमत. मी धीर दिला तो जिन्यापुरता.

निवांतवेळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी हे असं करते: मनात आलेली प्रत्येक शंका कागदावर लिहायची आणि तिच्यासमोर लिहायचं, हे तपासायचं कसं. रस्त्याचा आवाज तपासता येतो. गर्दीच्या वेळी जाऊन खिडक्यांच्या बाजूला उभं राहा, मग रात्री उशिरा परत जा. अंधारी खोली तपासता येते, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाऊन. कामाच्या दिवशी सकाळी त्या घरापासून ऑफिसपर्यंत जाऊन बघता येतं. ज्या शंकेसमोर काहीच लिहिता येत नाही, म्हणजे "ह्याहून चांगलं घर पुढच्या महिन्यात आलं असतं तर?" अशी, तिचं उत्तर कुठल्याच घराच्या बाबतीत मिळणार नसतं. तिला कागदावर ठेवून पुढे जायचं.

धोपटमार्ग

किमतीच्या वर गेलात ह्याबद्दल कुणी बोललं नाही. अनेक जण एकाच गोष्टीची किंमत अंदाजाने लावतात तेव्हा ज्याचा अंदाज सगळ्यात वरचा तो जिंकतो, आणि म्हणूनच त्याने जास्त मोजल्याची शक्यता सर्वांत मोठी. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल ह्या तेल कंपनीतल्या तिघा अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या बोलींवरून हे मांडलं. जिंकणाऱ्या कंपन्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा कमी नफा लागत होता. तेव्हा "बाकीच्यांना काय दिसलं" हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही.

जुनाजाणता

धोपटमार्ग, मुद्दा बरोबर, पण घराला अर्धाच लागू. जमिनीखालचं तेल सगळ्या कंपन्यांना सारखंच उपयोगाचं, म्हणून कोणाचा अंदाज चुकला हा प्रश्न येतो. घर ज्याला राहायचंय त्याच्यासाठी त्याची किंमत वेगळी असते. एखाद्याची आई दोन गल्ल्या पलीकडे राहते म्हणून तो जास्त देतो, तो फसलेला नसतो. लवकर विकायचं असेल तर तुमचं गणित लागू. दहा वर्षं राहायचं असेल तर बऱ्यापैकी विरघळून जातं.

मात्र एक बघा: बँकेने केलेलं मूल्यांकन किती येतं? ते तुमच्या आकड्यापेक्षा बरंच खाली आलं तर बँक तेवढं कमी कर्ज देईल आणि फरक खिशातून घालावा लागेल. तो आकडा यायच्या आधी पडद्यांवर खर्च नको.

सांधा

स्थापत्य अभियंता आहे, बांधकामं तपासण्याचं काम करतो. इन्स्पेक्शनला स्वतः हजर राहा, नुसता अहवाल ईमेलवर मागवू नका. अहवालात प्रत्येक गोष्ट सारख्याच अक्षरात लिहिलेली असते. दाराची कडी ढिली आणि पाया खचलाय, दोन्ही एकेका ओळीत. तपासणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुठे त्याचा आवाज बदलतो ते कळतं.

घाबरवणाऱ्या भेगा सहसा निरुपद्रवी असतात. गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा जवळपास प्रत्येक घरात असतात, गिलावा वाळताना आकसतो म्हणून. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर निघालेली भेग असेल, आणि तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा रुंद असेल, तर घराचा तो भाग हलतोय का हे विचारा. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली भेगही तशीच. रुंदी ५ मिलिमीटरच्या वर गेली, किंवा त्याच भिंतीतलं दार अडकायला लागलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. तळघराच्या भिंतीत आडवी भेग दिसली तर मी स्वतः इंजिनियरशिवाय पुढे जाणार नाही, कारण ती बाहेरून मातीचा दाब आल्याची खूण असते.

दुसरं म्हणजे पाणी. घरांचं सगळ्यात जास्त नुकसान पाणी करतं आणि ते बहुतेक वेळा बाहेरून समजतं. घराभोवतीची जमीन घरापासून दूर उतरायला हवी. ती घराकडे उतरत असेल, किंवा पन्हळीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच पाणी सोडत असेल, तर आतल्या बाजूला जमिनीलगत लोणा दिसेल, पांढरा, बोटाला पिठासारखा लागणारा. ताजा रंग फक्त एकाच भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात दिलेला असेल तर तिथे थांबा आणि विचारा.

ह्यातलं बरंचसं दुरुस्त होतं आणि दुरुस्तीचा आकडा काढता येतो. ज्याचा आकडा काढता येतो त्यासाठी झोप घालवायची गरज नाही, त्याबद्दल बोलणी करायची.

ओंजळ

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण ती बाजू अशा चर्चेत कधी येत नाही. आमचं घर एकांनी घेतलं, म्हणजे घेतो म्हणाले. आम्ही दुसऱ्या ऑफर नाकारल्या, पुढच्या घराचा व्यवहार ह्याच्या भरवशावर केला. मग महिनाभर नुसतं "बघतो, कळवतो". शेवटच्या दिवशी नकार. नकाराचं दुःख नव्हतं, त्यांची अडचण खरी असेलही. पण ती त्यांना तीन आठवडे आधीपासून ठाऊक होती, आम्हाला मात्र काहीच कळवलं नाही. आम्हाला पुढचं घर सोडावं लागलं.

ताई, माघार घ्यायची असेल तर बेलाशक घ्या, करारात मुभा आहे तर तो तुमचा हक्क आहे. फक्त ज्या दिवशी ठरेल त्याच दिवशी सांगा.

निवांतवेळ

ओंजळ, हे लक्षात ठेवीन. आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा त्या घरातल्या आजी आम्हाला झाडं दाखवत होत्या, कुठलं कधी लावलं ते सांगत होत्या. त्यामुळे मला आणखीच अवघडल्यासारखं होतंय.

माजघर

निवांतवेळ, तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचली. खोली, रस्ता, जिना. तिन्ही गोष्टी ऑफर देण्याआधी माहीत होत्या. अरुंद जिन्यासाठी माणूस रात्र रात्र जागत नाही. तुम्ही न लिहिलेलं काही आहे का? असेल तर इथे लिहायलाच हवं असं नाही. पण नवऱ्याशी बोला. तो पडदे निवडतोय आणि तुम्ही एकट्याच फोटो बघत बसलाय, हे मला भेगांपेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

निवांतवेळ

माजघर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आहे. मला दोनेक वर्षांत नोकरी सोडून पुन्हा पूर्णवेळ शिकायचंय. नवऱ्याला माहीत नाही असं नाही, पण तो विषय नेहमी "पुढे बघू" वर थांबायचा. बँकेने कर्ज मंजूर करायचं म्हटलंय ते दोघांच्या पगारावर. ज्या दिवशी सह्या केल्या त्या दिवशी माझ्या मनात आलं, की ही सही म्हणजे शिक्षणाला नकार. मोठ्याने बोलले नाही, कारण सगळे आनंदात होते. मग जिना दिसायला लागला, रस्ता दिसायला लागला.

आज रात्री बोलणार आहे.

माजघर

बोला. निर्णय काय करायचा ते आज ठरलं नाही तरी चालेल. "मला हे घर नकोय" अशी सुरुवात करू नका, कारण मग तो घराची बाजू घेत बसेल. शिक्षणाचं आधी सांगा. घर त्याच्या मागून येऊ दे.

हिशेबाचीवही

आकड्यांत मदत करतो, कारण ह्या बोलण्यात आकडे समोर नसले की दोघंही अंदाजाने भांडतात.

पूर्ण महिन्याचा खर्च एकाच पगारावर मांडून बघा. हप्ता, मालमत्ता कर, विमा आणि देखभाल. देखभालीला वर्षाला घराच्या किमतीच्या १ टक्का हा ठोकताळा लोक वापरतात, जुन्या घराला जास्त धरावं. ह्यात तुमच्या शिक्षणाची फीही घाला. उरतं काय ते बघा.

बहुतेक लोकांना वाटतं, मुदत वाढवली की सुटलो. तसं नसतं. समजा व्याजदर ८ टक्के आहे. २० वर्षांऐवजी ३० वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण १२ टक्क्यांनीच खाली येतो. एकूण व्याज मात्र मुद्दलाइतकं होतं ते मुद्दलाच्या सुमारे १.६४ पट होतं. आणि दर बदलता असेल तर २० वर्षांच्या कर्जात ८ चा ९ टक्के झाला की हप्ता साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे मुदत वाढवून मिळवलेली सूट दराच्या दोन फेऱ्यांत संपूनही जाऊ शकते.

दुसरी युक्ती करून बघण्यासारखी आहे. दोन महिने हप्त्याएवढी रक्कम एका पगारातून बाजूला काढून जगून बघा, म्हणजे कळतं. तुमच्याकडे तेवढी मुदत नाही, म्हणून मागच्या काही महिन्यांचे खरे खर्च काढून त्यावरच करा. बँकेच्या खात्याचा उतारा खोटं बोलत नाही.

मधलीवाट

हिशेबाचीवही ह्यांनी लिहिलंय तेच आम्ही केलं होतं. बँक किती देते आणि आपल्याला किती झेपतं हे दोन वेगळे आकडे आहेत. बँक तुमच्या शिक्षणाचा विचार करत नाही, तिच्या फॉर्मवर तो रकानाच नसतो.

निवांतवेळ

अपडेट.

बोललो. सुरुवातीला तो गप्प झाला, मग म्हणाला, पडदे बघत होतो तेव्हाच का नाही थांबवलंस? तेवढं ऐकून मला रडू आलं. पण मग वही घेऊन बसलो ते पहाटेपर्यंत. एका पगारावर हप्ता निम्म्याच्या वर जातो. फी धरली तर महिना जुळतच नाही. तीस वर्षांची मुदत धरूनही नाही. आधी मी पाच-सहा वर्षं नोकरी करायची आणि मग शिकायचं, हा पर्याय त्यानेच मांडला आणि त्यानेच खोडला.

इन्स्पेक्शन ठरल्याप्रमाणे झालं. सांधा, तुम्ही लिहिलं होतं म्हणून दोघंही हजर राहिलो. तपासणारे गृहस्थ मागच्या खोलीत गुडघ्यावर बसले, भिंतीच्या बुडाशी हात फिरवला आणि बोट आम्हाला दाखवलं. पांढरं. बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळीचा पाइप तिथेच भिंतीलगत संपतोय, आणि जमीन घराकडे उतरलेली. ते म्हणाले काम मोठं नाही, पाइप लांबवायचा आणि उतार नीट करायचा, भिंत वाळायला वेळ लागेल. भेगा सगळ्या बारीक. बाकी घर ठणठणीत आहे.

आणि ती अंधारी खोली तितकीशी अंधारी नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेरच्या झाडाची सावली पडली होती.

म्हणजे घर चांगलं आहे. आमच्या पुढच्या बेतात ते बसत नाही, एवढंच. आता प्रश्न असा: इन्स्पेक्शनच्या अटीखाली बाहेर पडता येईल, पण खरं कारण लोणा नाही. लोण्याचं निमित्त करणं मला पटत नाहीये.

सहीशिक्का

अटीचा मजकूर बघा. काही करारांत "खरेदीदाराचं समाधान न झाल्यास" एवढंच लिहिलेलं असतं, मग कारण द्यावंच लागत नाही. काहींत ठरावीक रकमेच्या वरचा दोष दाखवावा लागतो, तिथे लोणा पुरणार नाही. कर्जाच्या अटीवर बाहेर पडायचा विचार असेल तर जपून. कर्ज मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणं ही तुमची जबाबदारी असते. मिळणारं कर्ज मुद्दाम नाकारून "मिळालं नाही" म्हणता येत नाही. वकिलाला एकदा दाखवाच, त्याची फी इसारापेक्षा नक्कीच कमी असेल.

धोपटमार्ग

माझ्या मते निमित्ताचा प्रश्नच येत नाही. मुभा करारात आहे, विकणाऱ्यांनीही वाचून सही केली आहे. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.

ओंजळ

बांधील नाहीत हे खरं. पण मी विकणारी असते तर मला खरं कारण ऐकायला आवडलं असतं. "भिंतीला लोणा आहे म्हणून नको" असं ऐकून त्या आजी आपल्या घरात काय बिघडलं म्हणून झुरत बसतील. "घर आवडलं, आमचं पैशाचं गणित बदललं" हे ऐकलं तर वाईट वाटेल, पण घराबद्दल नाही.

निवांतवेळ

ओंजळ ह्यांचं पटलं, नवऱ्यालाही. सहीशिक्का, वकिलाला दाखवलं. आमच्या करारात समाधानाचीच अट आहे, कारण लागत नाही. आज मुदतीच्या आत लेखी कळवलं. एजंटकरवी एक छोटी चिठ्ठीही दिली, की घरात दोष म्हणून सोडत नाही, आमच्या घरात शिक्षणाचा निर्णय झालाय. एजंट सुरुवातीला नाराज होता, चिठ्ठीची गरज नाही म्हणाला, मग त्यानेच नेऊन दिली. इसार परत मिळेल, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की. इन्स्पेक्शनचे पैसे गेले, ते जाणारच होते.

आता खरं सांगू का? आज संध्याकाळपासून मला ते घर पुन्हा आवडायला लागलंय. जिना सुद्धा.

दुपारचंऊन

निवांतवेळ, वॉल्स्टर बाईंची चार मिनिटं! आता दुसरं दार बंद झालंय म्हणून त्याचे गुण दिसतायत. शंका कागदावर लिहायची तीच पद्धत इथेही वापरा. "शिक्षणाचा हिशेब चुकला का?" ही तपासता येणारी शंका आहे, आणि ती तुम्ही पहाटेपर्यंत बसून तपासली आहे.

चौकट

शिकायचं काय आहे ते मात्र सांगितलं नाहीत! वेगळा धागा काढा, मला फार उत्सुकता आहे. मनापासून शुभेच्छा.

निवांतवेळ

काढते नक्की. प्रवेशाची जुळवाजुळव सुरू झाली की.

एक शेवटचं विचारते. इन्स्पेक्शनचा अहवाल आमच्याकडे आहे. तो पाइपचा मामला लहान आहे, पण असाच राहिला तर भिंत खराब होत जाणार. अहवाल त्या आजींना पाठवावा का? फुकट उपयोग होईल त्यांना.

सांधा

भावना चांगली आहे, पण थेट पाठवू नका. बऱ्याच ठिकाणी विकणाऱ्याला माहीत असलेले दोष पुढच्या ग्राहकाला सांगावे लागतात, आणि अहवाल हाती आला की त्यातली प्रत्येक ओळ माहीत असलेली ठरते. म्हणून काही विकणारे अहवाल घ्यायलाच तयार नसतात. शिवाय अहवाल तुमच्यासाठी लिहिलेला असतो, तो दुसऱ्याला देता येतो का हे त्या तपासणाऱ्याच्या अटींत असतं. एजंटला सांगा, "हवा असेल तर देऊ", आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

ओंजळ

आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही हो म्हटलं असतं. पन्हळीचा पाइप लांबवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

निवांतवेळ

एजंटला आत्ताच मेसेज केला. त्या हो म्हणाल्या आहेत. तपासणाऱ्यांनाही विचारलं, त्यांची हरकत नाही. उद्या पाठवते.